दार बंद आहे असं धरून

आमच्या ऑफिसात एकच प्रोग्राम दोन तऱ्हेनं बनतो. एक आमच्यासाठी, एक गिऱ्हाइकासाठी. आमच्यासाठीच्याला डीबग म्हणतात, गिऱ्हाइकाच्याला रिलीज. लग्नाकार्यात कुणी विचारलं, काय काम करतीस गं, की मी एवढंच सांगते, आणि समोरची बाई मान हलवून वाढप्याकडं बघायला लागते. तिचं काही चुकत नाही. ब्लाउजला आधी कच्ची शिलाई घालून अंगाला लावून बघतात, मग पक्की मारतात, तसंच हे. कच्च्या शिलाईचा ब्लाउज घालून कुणी मांडवात जात नाही. एवढी अक्कल शिंप्याला असते. आमच्या सरांना नव्हती, आणि ते माझ्या अण्णाला भोगायला लागलं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं घर कंग्राळीचं. मी लग्न होऊन उचगावला गेले, नोकरी बेळगावात. अण्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेसवर होता. प्रेस म्हणजे वरून लोखंडी ठोकळा येतो आणि पत्र्याला दाबून भाग काढतो. त्या कारखान्यातल्या मशीनींचा प्रोग्राम आमची कंपनी करायची. यात नवल वाटायचं काही कारण नाही. बेळगावच्या कुठल्याही खेड्यात विचारा, दर घरातलं कुणीतरी त्या वसाहतीत सापडतंच.

प्रेसला पुढं जाळीचं दार असतं आणि दाराला सेन्सर. दार उघडं असलं की ठोकळा हलत नाही. आता घाईचं काम असलं की पोरं काय करतात, त्या सेन्सरवर चुंबकाचा तुकडा चिकटपट्टीनं लावतात. मग दार उघडं असलं तरी मशीनला ते बंदच वाटतं, आणि दर वेळी उघडझाप करायची कटकट वाचते. सगळ्या वसाहतीत हे चालतं. अण्णाच्या प्रेसवर चालत नव्हतं. कुणी पट्टी लावलेली दिसली की तो ती सगळ्यांसमोर ओढून काढायचा आणि म्हणायचा, "हात गेला तर भाकरी कशानं मोडशील रं?" त्याच्या मागं पोरं त्याला हेडमास्तर म्हणायची. मलाही ऑफिसात सासू म्हणतात. आमच्या घराण्यातच असेल ते.

मला सासू का म्हणतात, तेही सांगते. आमचा प्रोग्राम दोन जागी चालतो. कारखान्यातल्या मॅनेजरच्या टेबलावर विंडोजचा कॉम्प्युटर असतो तिथं, आणि प्रेसच्या अंगाला बसवलेल्या छोट्या पेटीत, तिथं लिनक्स. दोन्हीकडचं बिल्ड, म्हणजे चालवायला तयार झालेला प्रोग्राम, एकाच साधनानं निघतं, पण दोन्हीकडची तऱ्हा निराळी. विंडोजवर अगदी शेवटी सांगितलं, रिलीज काढ, की ते रिलीज काढतं. लिनक्सवर फोल्डर तयार करतानाच सांगावं लागतं. तिथं शेवटी सांगितलं तर ते नको म्हणत नाही, चूकही दाखवत नाही. ऐकून घेतं आणि आधी ठरलेलंच काढून देतं. नवऱ्याला मेथी आण म्हणावं, त्यानं व्हय व्हय म्हणावं आणि कोबी घेऊन यावं, तसलं.

म्हणून मी नियम केला होता, की गिऱ्हाइकाकडं जाणारं बिल्ड कोपऱ्यातल्या वेगळ्या कॉम्प्युटरवर, बिल्ड मशीनवरच काढायचं, कुणाच्या लॅपटॉपवरून नाही. लॅपटॉपवर आम्ही दिवसभर डीबगच काढतो, तिथलं फोल्डर तेच धरून बसलेलं असतं. लोक कुरकुरले. सर हसले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही म्हणाल तसं." सर निपाणीचे. तोंडावर लई गोड.

आणि आमच्या डीबगमध्ये एक गोष्ट अशी होती जी रिलीजमध्ये नव्हती. आमच्या टेबलावर काही प्रेस नसतो. प्रेसच्या जागी दिव्यांची एक पेटी असते, ठोकळा खाली आला की लाल दिवा लागतो. दाराच्या जागी तर काहीच नाही. मग दर वेळी प्रोग्राम "दार उघडं आहे" म्हणून अडून बसायचा. सरांनीच त्यावर उपाय काढला होता. डीबगमध्ये सेन्सरला विचारायचंच नाही. दार बंद आहे असं धरायचं आणि पुढं जायचं.

ऑफिसात हे बरोबरच होतं. टेबलावर कुणाचा हात चेमटणार? नियमानं दाराची तार वेगळी, सरळ मशीनला जायला हवी, म्हणजे प्रोग्रामनं काहीही केलं तरी ठोकळा थांबतो. दसऱ्याला अण्णाच्या कारखान्यात जो नवा प्रेस सुरू व्हायचा होता, त्यावर त्यांनी ती वेगळी तार टाळली आणि दाराची तार आमच्या प्रोग्रामच्या पेटीतनंच नेली. हे मला नंतर कळलं. चांगलं ते सगळं नंतरच कळतं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. घरी विळे, कोयते, खुरपी. कारखान्यात मशीन. ऑफिसात कॉम्प्युटर. एकदा पूजा झाली, की दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं लुटून घरी येईपर्यंत त्या हत्याराला हात लावायचा नाही. ही रीत मी मोडा म्हणत नाही. मी स्वतः त्या बिल्ड मशीनला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, बंद केलं आणि बुंदी खाल्ली. दसऱ्याच्या मुहूर्तावर अण्णाचा नवा प्रेस सुरू व्हायचा होता, त्याचं रिलीज मी सकाळीच, पूजेच्या आधी, काढून ठेवलं होतं.

पूजा उरकून लोक घरी निघाले, तेवढ्यात कारखान्याच्या मालकांचा फोन आला. मुहूर्ताला प्रेसच्या पडद्यावर त्यांच्या कैलासवासी वडिलांचा फोटो पाहिजे. उद्या सकाळी. आता फोटो घालायचा म्हणजे नवं बिल्ड आलं. मी म्हटलं, सर, मशीन चालू करते, चहा होईपर्यंत निघतंय.

"पूजा झाल्या मॅडम," सर म्हणाले. "हात लावायचा नाही. घरात काय बरंवाईट झालं तर?"

"मग मालकांना सांगा, फोटो परवा."

"मुहूर्त परवा असतोय काय?" त्यांनी लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली. तो लॅपटॉप गाडीत राहिला होता, म्हणून पूजेत आला नव्हता, म्हणून त्याला हात लावायला देवाची हरकत नव्हती. "मी निपाणीला चाललोय. सकाळी घरनं काढून पाठवतो. एक फोटो तर बदलायचाय."

"सर, लिनक्सचं आहे. आधी सांगायला लागतंय, फोल्डर करतानाच. आणि तुमच्या लॅपटॉपवर..."

"सणाला तरी सोडा हो," ते म्हणाले, आणि ऑफिसातले जे कोण उरले होते ते हसले.

दसऱ्यादिवशी घरच्या ग्रुपवर अण्णाचा फोटो आला. नवा प्रेस, त्याला आंब्याचे डहाळे, पडद्यावर मालकांचे वडील आणि बाजूला अण्णा, इस्त्रीचा शर्ट, हातात फोडलेला नारळ. नवा प्रेस त्याच्याच ताब्यात दिला होता. मुहूर्ताचा एक भाग त्यांनी रीतसर दार लावून काढला. टाळ्या झाल्या. मीही खाली हात जोडलेली खूण टाकली.

दुसऱ्या दिवशी कारखाना रोजच्यासारखा सुरू झाला आणि अकराच्या सुमाराला सरांचा फोन. आवाज गोड नव्हता. "मॅडम, बिल्ड मशीन चालू करा. प्रेसचं रिलीज काढा, फोटोसकट. मी स्वतः न्यायला येतोय."

काय झालं म्हटलं तर म्हणाले, चालताना अडकायलंय म्हणे. मी माळ काढली, मशीन चालू केलं, फोल्डर नवं केलं, आधी सांगायचं ते आधी सांगितलं, बिल्ड काढलं आणि पेनड्राइव्हवर घालून दिलं. शेवटी माझ्याच मशीनवर आलात ना, असं मनात आलं, आणि बरं वाटलं. सर जिना उतरून पळतच गेले.

दुपारी वहिनीचा फोन आला. दवाखान्यात ये, एवढंच म्हणाली.

अण्णाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. दवाखान्यात मी पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता, छताकडं बघत पडला होता. मला बघून म्हणाला, "दार उघडं होतं गं. भाग अडकलता म्हणून दार उघडूनच हात घातलता. दार उघडलं की थांबतंय म्हणून घातलता न्हवं? तरी आलं खाली."

दार उघडं असून ठोकळा खाली कधी येतो, हे त्या दवाखान्यात एकट्या मलाच ठाऊक होतं.

कारखान्यानं चौकशीला वेळ घालवला नाही. त्याच दुपारी मॅनेजरनं सगळ्या कामगारांना प्रेससमोर उभं केलं, जाळीचं दार उघडलं आणि बटण दाबलं. ठोकळा हलला नाही. परत दाबलं. हलला नाही. मॅनेजर कानडीत म्हणाला, बघितलंत सगळ्यांनी? दार उघडं असताना हे मशीन चालतच नाही. म्हणजे पट्टी लावली होती. सेन्सरवर पट्टी नव्हती, तर ती त्यानं मागनं काढून टाकली असंल म्हणे. बोटं तुटलेल्या हातानं. आणि हे ऐकून माना हलवणारी माणसं त्याच्याच हाताखाली शिकलेली.

मॅनेजरनं बटण दाबलं तेव्हा आत काय होतं? माझं रिलीज. तासाभरापूर्वी सरांनी नेऊन घातलेलं, बरोबर, चोख, दाराला विचारणारं. आधीचं त्याच्याखाली पुसून गेलं होतं.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. उभीच राहिले. विचारलं, निपाणीतनं काय पाठवलंत?

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "डीबगच गेलं असणार. मी शेवटी रिलीज म्हणून सांगितलं होतं. लिनक्सवर ते घेत नाही हे लक्षात नाही राहिलं."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "पण सणाची गडबड."

गडबड! माझ्या भावाची बोटं गेली आणि या माणसाला गडबड आठवत होती. मी टेबलाजवळ गेले. म्हटलं, एवढंच कारखान्यात येऊन सांगा. बाकी काही नको. माझा भाऊ पट्टी लावणारा नव्हे, एवढंच.

"ते सांगितलं तर कारखाना हातचा जातो. कारखाना गेला तर ऑफिस कशावर चालवू? सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. तुमच्यासुद्धा." मग पुढं वाकून, अगदी मायेनं, "भावाचं औषधपाणी आम्ही बघतो की, मॅडम."

अण्णा घरी आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. सोप्यात बसलो होतो. आम्ही दोन तऱ्हेचं बनवतो, आमच्याकडं दार नसतं म्हणून आमच्यातल्यात दार बंद आहे असं धरतात, ते तुझ्याकडं आलं. तो ऐकत होता. पट्टीतला हात मांडीवर, डाव्या हातानं तो धरलेला.

"म्हंजे तुमच्याकडं दार न्हाय म्हणून माझ्याकडचं बी न्हाय?"

"तसंच झालं, अण्णा."

त्यानं हात मांडीवरनं उचलून छातीशी धरला. मग म्हणाला, "बोटाचं मी सोशीन गं. कामावर नसतील घेत तर शेत हाय. पर पट्टी लावली म्हणत्यात, ते मला सोसंना झालंय. काल दुकानात गेलतो तर पोरं गप झाली. एवढं एक काढ माझ्यावरचं."

मी म्हटलं, काढते. सोपं वाटलं मला. खरं काय ते मला माहीत होतं आणि सरांनी ते माझ्या तोंडावर कबूल केलं होतं.

मी कारखान्याच्या मॅनेजरला भेटायची वेळ मागितली. त्यांनी मालकांनाही बोलावलं, आणि आमच्या सरांनाही. अण्णाला मी गाडीवर मागं बसवून नेलं. केबिनमध्ये वडिलांचा तोच फोटो हार घालून लावलेला. बोलणं सगळं कानडीत, त्याची कुणालाच अडचण नव्हती. मी उभी राहून सांगितलं, दसऱ्याला जे आलं ते डीबग होतं, त्यात दाराचा सेन्सर बघितला जात नाही. पाहिजे तर मी आत्ता तसलं बिल्ड काढून आणते, घाला प्रेसमध्ये आणि दार उघडं ठेवून बटण दाबा. दिसेल सगळ्यांना.

मालकांनी सरांकडं बघितलं.

सर जरा वेळ थांबले, एखाद्याला वाईट वाटू नये म्हणून थांबावं तसं. मग म्हणाले, "तसलं बिल्ड आत्ता कुणीही बनवून आणेल. त्यानं त्या दिवशीचं काय सिद्ध होतंय? आमच्याकडनं गिऱ्हाइकाला जातं ते एकाच मशीनवरनं निघतं. मॅडमनीच तो नियम केलाय, आणि चांगला नियम आहे. तुमच्या प्रेसमध्ये आज जे आहे ते कुणी काढलंय, बघा." त्यांनी लॅपटॉप मालकांच्या बाजूला फिरवला. "यांनीच. यांच्याच नावानं आहे. आता यात खोट आहे म्हणायची असली तर ती कुणाची, हे मला बोलायला बरं वाटत नाही. घरचं माणूस आहे, समजू शकतो मी."

मी ओरडून म्हटलं, ते नंतरचं आहे, तुम्हीच न्यायला आला होता. तारीख बघा म्हटलं, पण मॅनेजर म्हणाले, मॅडम, जरा हळू. मालक अण्णाकडं वळले. त्यांना आता एवढंच कळायला पाहिजे होतं, की खोट पट्टीत होती का प्रोग्राममध्ये. प्रोग्राममध्ये असली तर बनवणारी इथंच उभी आहे.

अण्णानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, न्हाय म्हणून. त्याला सगळं माहीत होतं. मीच सोप्यात बसून फोड करून सांगितलं होतं.

"तिनं काढलंय तर ते बरोबरच असणार, साहेब," अण्णा म्हणाला. "ती चुकत न्हाय. पट्टी मीच लावलती."

"अण्णा!"

"तू गप बस." माझ्याकडं न बघता तो म्हणाला. "लावलती साहेब. काम लौकर उरकावं म्हणून. मागनं काढून टाकली."

"आयतु," मॅनेजर म्हणाले, म्हणजे झालं, संपलं. सरांनी लॅपटॉप मिटला.

परत येताना मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. मला पुढचं दिसत नव्हतं. त्याच्यावर चिडले, वाटेल ते बोलले. असं कसं म्हणालास, कुणी सांगितलं होतं तुला माझी बाजू घ्यायला? तो गाडीवरनं उतरलाही नाही. म्हणाला, "मी खरं बोललो असतो तर त्यांनी तुला धरलं असतं. माझं नाव गेलंच होतं. आता तुझं बी घालवू व्हय?" आणि मग, "चल गं, ऊन लागायलंय."

कारखान्यानं मोठं मन करून अण्णाला कामावर ठेवलं. गेटवर. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो डाव्या हातानं दार उघडतो. आमच्या वडिलांना, आप्पांना, हा आजवर खरं सांगत नाही, मलाही सांगू देत नाही. आप्पा जेवताना मधनंच म्हणतात, एवढा शहाणा माणूस आणि पट्टी लावतोय. अण्णा खाली बघून जेवतो.

मी नोकरी सोडली का, असं मला एकदोघांनी विचारलंय. नाही सोडली. ज्या नोकरीसाठी त्यानं आपलं नाव घालवलं, ती मी कुठल्या तोंडानं सोडू? रोज जाते. सर रोज गोड बोलतात. मी उत्तर देते तेवढ्यापुरतं.

यंदा त्या कारखान्यानं प्रोग्राममध्ये एक भर मागितली. प्रेस सुरू करताना पडद्यावर आधी सूचना यायला पाहिजे, कानडीत, मराठीत आणि इंग्रजीत, आणि ती वाचली म्हणून बटण दाबल्याशिवाय पुढं जाता कामा नये. मजकूर त्यांनीच पाठवला होता. दाराच्या सेन्सरला पट्टी लावू नका, आपल्याच कारखान्यातल्या एका कामगारानं पट्टी लावून आपली बोटं गमावली आहेत. सरांनी ते काम मला दिलं. मराठी मजकुरात दोन चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. बिल्ड मशीनवर रिलीज काढलं, आधी सांगायचं ते आधी सांगून. ते आता वसाहतीत त्यांच्या सगळ्या प्रेसवर चालतं आणि दर पाळीला प्रत्येक कामगार ते वाचून बटण दाबतो.

डीबगमध्ये ती सूचना येत नाही. सारखं सारखं बटण दाबायला आमच्या लोकांना कटकट होते, म्हणून सरांनी ती तिथं काढून टाकायला लावली.